मटार सोलताना थेरपीचा हिशेब

(साताऱ्यातलं घर, जानेवारीतली रविवार सकाळ. मावशी २८ वर्षं विशेष शिक्षिका होती, आता निवृत्त. भाचा पुण्याहून आलाय. त्याची सहा वर्षांची मनू ऑटिस्टिक आहे. ती पलंगाखाली बसून डब्याचं झाकण गरागरा फिरवते आहे. दोघांच्या मध्ये मटाराचं सूप.)

भाचा : जूनपासून मनूला घरीच शिकवायचं ठरवलंय आम्ही. शाळेत ती दिवसभर कान झाकून बसते. शिवाय शाळेची फी आणि व्हॅनचे पैसे थेरपीला वळवता येतील.

मावशी : थेरपीला किती जातात?

भाचा : ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी, आठवड्यातून तीनदा, स्पीच थेरपी दोनदा. सेशनचे ८०० रुपये.

मावशी : म्हणजे महिन्याला १६ हजार, रिक्षा वेगळी. घरी शिकवणार कोण?

भाचा : ही नोकरी सोडते म्हणतेय.

मावशी : मग तिचा पगार धरलास का हिशेबात? घरी शिकवणं स्वस्त पडतं असं वाटतं, कारण आईचा पगार कोणी खर्चाच्या बाजूला लिहीतच नाही. सोडायचीच तर सोडू दे, पण आधी अर्धवेळ जमतंय का बघा. आणि तू काय सोडणार आहेस?

भाचा : (शेंग सोलत) ...मी शनिवार-रविवार घेईन.

मावशी : घे. आता सांग, सेशन चालू असताना तू कुठे असतोस?

भाचा : बाहेर बाकावर. पालकांना आत घेत नाहीत तिथे.

मावशी : तिथेच तुझे पैसे गळताहेत. ४५ मिनिटांची पाच सेशन्स म्हणजे आठवड्याला पावणेचार तास. मनू आठवड्यात जवळजवळ ९० तास जागी असते. उरलेले ८६ कोणाचे?

भाचा : आमचे. पण आम्ही काही थेरपिस्ट नाही.

मावशी : व्हायचंही नाही. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. ते आई-बाबा आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि मग पालकांबरोबर बसून बघायचे. बघा, इथे मुलानं वळून पाहिलं. इथे तुम्ही घाई केलीत. बस, एवढंच.

भाचा : उपयोग झाला?

मावशी : पालक हुकूम कमी सोडायला लागले, मुलाच्या मागून जायला लागले, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. सगळ्याच मोजमापांत फायदा दिसला असं नाही, तेही सांगते. पण थेरपिस्टकडून नेमकं काय विकत घ्यायचं, हे त्यातून कळतं. त्यांचा डोळा विकत घ्यायचा. महिन्यातून दोनदा जा, आत बसू द्या म्हणून अडून राहा, घरचे व्हिडिओ दाखव, पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं ते लिहून घे. लिहून देणार नसतील तर दुसरं दार बघ. अर्थात, मनूला एखादी नवी अडचण आली, गिळायला त्रास व्हायला लागला, तर तेव्हा सेशन्स वाढवायची. तिथे काटकसर नको.

भाचा : आणि रोज काय करायचं?

मावशी : हे काय करतोयस आत्ता? शेंग चिमटीत धरून शिवण उकलायची आणि दाणे अंगठ्यानं सारायचे. पेन्सिल धरण्याआधी बोटांना हेच लागतं. कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, पाण्याची अर्धी कळशी उचलून नेणं. मनूसारख्या मुलांना जड काम बऱ्याचदा शांत करतं. दाणे मोजले की गणित. पण एकदम सगळं नको. स्वयंपाकघराची शाळा केलीस तर पोरगी स्वयंपाकघरातच यायची नाही.

भाचा : कायद्याचं काय? शाळेतून काढलं तर कोणी विचारेल?

मावशी : शिक्षणहक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण दंड सांगितलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही दिला. तो घेणाऱ्यांचं नाव शाळेच्या पटावर राहतं आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक घरी येतात. मनू त्यात बसेल का, हे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ठरेल. पुढे दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. १४ वर्षं पूर्ण लागतात, विषय पाच, गणित सक्तीचं नाही. चित्रकला घेता येते, गृहविज्ञान घेता येतं. पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो.

भाचा : प्रमाणपत्र अजून काढलेलं नाही. आई म्हणते, शिक्का बसेल.

मावशी : ताईला माझ्याकडे पाठव. शिक्का नाही, किल्ली आहे ती. सरकारी रुग्णालयात तपासणी होते, ऑटिझमची टक्केवारी आयएसएए नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर काढतात. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, आणि ४० टक्के किंवा जास्त आलं की बाकीची दारं उघडतात. प्राप्तिकरात, ज्याला आपण ८० डीडी म्हणत आलो, ती ७५ हजारांची वजावट. ८० टक्के असेल तर सव्वा लाख. ती ठोक असते, खर्चाच्या आकड्याप्रमाणे बदलत नाही. फक्त जुन्या कररचनेत मिळते, तेव्हा दोन्हीकडून हिशेब करून बघ. शिवाय राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीही येते. तिला आतली वेगळी मर्यादा आहे आणि पैसे आधी खिशातून घालावे लागतात, म्हणून पावत्या जपायच्या. पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवा. स्पीचवाले आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, ओटीवाल्यांची राज्याची वेगळी परिषद आहे. आणि जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, हीच थेरपी मोफत मिळते. थेरपिस्टची जागा भरलेली असली तर! आधी फोन करून जा.

भाचा : एकांनी स्टेम सेल उपचारांचं सुचवलं होतं. लाखांत आहे, पण...

मावशी : (शेंग खाली ठेवून) नाही. ऑटिझमवर त्याची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच सांगितलंय. दागिने मोडून आलेल्या आया बघितल्यात मी. त्या पैशांत दहा वर्षांची रिक्षा झाली असती.

(मनू पलंगाखालून बाहेर येते. सुपातली एक शेंग उचलते, भाच्याच्या गुडघ्यापाशी उभी राहते.)

भाचा : काय पाहिजे मनू? बोल, शेंग सो...

मावशी : शू. थांब जरा.

(तो थांबतो. दहा सेकंद जातात, मग आणखी पाच. त्याचे ओठ दोनदा हलतात आणि मिटतात. मनू शेंग त्याच्या तळहातावर ठेवते आणि त्याचा अंगठा धरून शिवणीवर दाबते.)