पँथिऑन : दगडावरचे नाव आणि विटेवरचा शिक्का

प्राचीन रोमचा वारसा म्हटला की आपल्याला सम्राट, सैन्य आणि कायदा यांची आठवण होते. परंतु रोमने जगाला दिलेली तितकीच मोठी देणगी म्हणजे बांधकामाची विद्या होय. ग्रीकांनी खांबांवर आडव्या तुळया ठेवून सुंदर मंदिरे उभारली. मात्र दगडी तुळई फार लांब ठेवली तर मधोमध तडकते. म्हणून आत खांबांची दाटी होते. रोमनांनी कमान, घुमट आणि काँक्रीट यांचा मेळ घालून ही अडचण दूर केली. रोम शहरातील पँथिऑन हे मंदिर त्याचे उत्तम उदाहरण आहे.

याच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ४३ मीटर असून जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे. लोखंडी सळई न घालता केलेला काँक्रीटचा एवढा मोठा घुमट आजही जगात दुसरा नाही. हे कसे साधले? चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे यांचा माल वापरताना खाली जड दगड घातला, वर मात्र हलका, सच्छिद्र दगड घातला. घुमटाची जाडी तळाशी सुमारे ६ मीटर, तर माथ्याजवळ अवघी सव्वा मीटर आहे. आतून चौकोनी खळग्यांच्या पाच रांगा काढल्या आणि माथ्यावर गोल झरोका मोकळा सोडला. त्यामुळे शोभा वाढली, प्रकाश आला आणि भारही घटला.

माझे वडील गवंडी आहेत. स्लॅब ओतण्यापूर्वी ते प्रत्येक टेकू हलवून पाहतात. म्हणून हा घुमट वाचताना मला सम्राटापेक्षा त्याखालच्या लाकडी आधाराची आणि तो उभारणाऱ्या हातांची आठवण अधिक होते.

मंदिराच्या दर्शनी भागावर ‘अग्रिपाने हे बांधले’ अशा अर्थाचा लेख आहे. परंतु अग्रिपाचे मूळ मंदिर इसवी सनापूर्वीचे. ते नष्ट झाले. १८९२ मध्ये भिंतींतील विटांवरचे शिक्के तपासले गेले, तेव्हा आजची वास्तू दीडशे वर्षांनंतरची, हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेली असल्याचे सिद्ध झाले. दगडावरच्या ठळक अक्षरांनी जे लपवले, ते वीटभट्टीच्या शिक्क्याने सांगितले!

इ. स. ६०९ मध्ये या मंदिराचे चर्च झाले, म्हणून ते मोडतोडीतून बरेचसे वाचले. पुढे युरोपातील वास्तुकारांनी त्याचा अभ्यास केला. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत याच नमुन्यावर आखली. देवांसाठी बांधलेला घुमट असा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर आला.

परीक्षेत ‘पँथिऑन कोणी बांधले?’ असा प्रश्न आला तर आपण हेड्रियनचे नाव लिहू, आणि गुणही मिळतील. परंतु माल कोणत्या थरात किती हलका हवा, हे ज्यांच्या हातांना कळत होते, त्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांची विद्या मात्र एकोणीसशे वर्षे डोक्यावर उभी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दर्शनी लेख वाचावा, पण वीटही उलटून पाहावी.