जुन्या खेळाची दुरुस्ती

मुलांनो, शहजादा आणि वजीर हे शब्द तुम्हांला नव्याने शिकवावे लागत नाहीत. मराठीनेही ते फार पूर्वीच आपलेसे केले आहेत. मराठी माणसाच्या बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी वजीरच उभा असतो. आज ज्या संगणक-खेळाची हकिकत मी सांगणार आहे, त्यातही जफर नावाचा एक कपटी वजीर आहे. खेळाचे नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, म्हणजे इराणचा शहजादा. नायक तळघरात कैद आहे. तुम्ही त्याला तहखाना म्हणाल. ६० मिनिटांत काटे, सरकते दरवाजे आणि पहारेकरी ओलांडून त्याला शहजादीपर्यंत पोहोचायचे असते.

हा खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तयार केला. तो १९८९ साली ॲपल-टू या संगणकासाठी निघाला आणि १९९० मध्ये डॉस प्रणालीवर आला. नायक खऱ्या माणसासारखा पळावा म्हणून मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावले. त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. संगणकाची स्मृती मात्र अपुरी पडू लागली. नव्या शत्रूची चित्रे ठेवायला जागाच उरली नाही. तेव्हा त्याने नायकाचेच चित्र किंचित सरकवून त्याच चित्रावर बसवले. त्यातून एक चमकणारी छाया तयार झाली आणि तीच नायकाची वैरीण ठरली. अडचणीतून वाट कशी काढावी याचा इतका सुंदर नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. मुरूडला समुद्राजवळच्या एका शाळेत एक जुना संगणक धूळ खात पडला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो भंगारात जायचा होता. बटण दाबले की नुसता पिक-पिक आवाज येई आणि पडदा काळाच राही. मुले म्हणाली, “सर, मेला तो!” मी म्हटले, “आधी नाडी तर पाहू.”

प्रथम आम्ही वीजजोडणी काढली. पेटी उघडली. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी सांगाड्याला हात लावला. मग स्मृतीची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी कडेवर हिरवट थर चढला होता. तुमच्या घरच्या खिडकीचे गज ज्या खाऱ्या हवेने गंजतात, तिनेच हा थर चढवला होता. शिसपेन्सिलीच्या साध्या खोडरबराने आम्ही ती कडा हलकेच घासली, कोरड्या फडक्याने पुसली आणि पट्टी पुन्हा बसवली. पडदा उजळला! तारीख मात्र दर वेळी मागे जाई. आतली नाण्याएवढी बॅटरी बदलल्यावर तीही ठीक झाली.

खेळाची जुनी फ्लॉपी कपाटात होती. तिची पत्र्याची झडप सरकवून पाहिली, तर चकतीवर पांढरी बुरशी दिसली. कोकणातला पावसाळा कोणाला सोडतो? ती फ्लॉपी वाचलीच गेली नाही. सुदैवाने माझ्याजवळ एका सीडीवर खेळाची प्रत होती.

एका मुलाने तीच प्रत नव्या लॅपटॉपवर चालवून पाहिली, तेव्हा लॅपटॉपने साफ नकार दिला. यात बिघाड काहीच नव्हता. तो खेळ १६ बिटी आहे आणि ६४ बिटी विंडोजला १६ बिटी कार्यक्रम चालवता येत नाही. यावर डॉसबॉक्स नावाचा मोफत कार्यक्रम उपयोगी पडतो. तो नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो. एखादा जुना खेळ त्यात फार वेगाने पळू लागला, तर कंट्रोल आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबून वेग कमी करता येतो. एफ-१२ ने तो वाढतो. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहून ठेवा. नाहीतर कशाने गुण आला, हे शेवटपर्यंत कळत नाही.

खेळ चालू झाल्यावर मुलांना त्यात फेरफार करावासा वाटला. फेरफार हा शब्द तुमच्या वडिलांना तलाठ्याच्या कार्यालयातून चांगला ठाऊक असेल. जमिनीच्या नोंदीत बदल होतो, तसाच येथे महालाच्या नोंदीत होतो. या खेळाच्या एका टप्प्यात जास्तीत जास्त २४ खोल्या असतात. प्रत्येक खोलीत १० घरांच्या ३ ओळी, म्हणजे ३० घरे. प्रत्येक घराला एक अंक दिलेला असतो. ० म्हणजे मोकळी जागा, १ म्हणजे फरशी, २ म्हणजे काटे, ११ म्हणजे पायाखाली निसटणारी फरशी आणि २० म्हणजे भिंत. टप्प्यांच्या फाइलमध्ये १ च्या जागी २ लिहिला की साध्या फरशीतून काटे उगवतात.

एका उत्साही मुलाने मूळ फाइलची प्रत न ठेवताच बदल केला. नायक जेथे उभा राहतो, नेमक्या त्याच घरात त्याने ० लिहिला. खेळ सुरू झाला की शहजादा खाली कोसळायचा. पुन्हा सुरू केला की पुन्हा कोसळायचा! वर्ग हसून लोटपोट झाला. तो मुलगा मात्र रडवेला झाला. सीडीवरून फाइल पुन्हा आणली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

प्रत किती मोलाची असते, हे खुद्द मेकनरलाही कळले. त्याने लिहिलेल्या मूळ कार्यक्रमाची प्रत अनेक वर्षे हरवलेली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोका सापडला आणि त्यात त्या चकत्या निघाल्या. चुंबकीय खुणा काळाबरोबर पुसट होत जातात. म्हणून त्याने घाई न करता जाणकारांना बोलावले आणि चकत्या जपून वाचून घेतल्या. २३ वर्षांनंतरही मजकूर शाबूत होता. त्याने तो सर्वांना अभ्यासासाठी खुला केला. या चकत्या जर आपल्या किनाऱ्यावरच्या कपाटात असत्या तर?

आता आमची मुले चौकटीच्या वहीत जंजिरा किल्ला आखत आहेत. पाण्यातल्या या किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. खेळातही तसाच दरवाजा हवा, असा मुलांचा हट्ट आहे. दहा खोल्या पूर्ण झाल्या आहेत. चौथ्या खोलीत कळ दाबली की समोरच्या दरवाजाऐवजी सातव्या खोलीतला दरवाजा उघडतो. कोणती कळ कोणत्या दरवाजाची, याची नोंद वेगळ्या तक्त्यात असते. शनिवारी शाळा सुटल्यावर तो तक्ता तपासायचा आहे.

स्वाध्याय
१. स्मृतीची पट्टी कशामुळे खराब झाली होती? ती कशी साफ केली?
२. नव्या लॅपटॉपवर खेळ का चालला नाही?
३. चौकटीच्या कागदावर ३० घरांची एक खोली आखा. घरांत अंक लिहा आणि शेजारच्या मित्राला त्यातून वाट काढायला सांगा.