नव्या मोटारीचा लेप आणि ग्राहकाचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या रंगावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. 'हा विषय विज्ञान शाखेचा किंवा पॉलिटेक्निकचा,' असेही कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू बाजारात विकली जाते ती वाणिज्याच्या कक्षेत येतेच. त्यातून जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि तरीही हजारो रुपयांना विकली जाते, तिचा अभ्यास तर आपण अवश्य केला पाहिजे. नव्या मोटारीवर दिला जाणारा संरक्षक लेप ही अशीच एक वस्तू आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उद्यमबागेजवळच्या एका 'डिटेलिंग' केंद्रात मी हिशेब लिहिण्याचे काम केले. मोटार बाहेरून बारकाईने स्वच्छ करणे, रंगावरचे ओरखडे घालविणे आणि वर लेप देणे, या धंद्याला डिटेलिंग म्हणतात. तेथील कारागीर आपापसांत कन्नड बोलत, गिऱ्हाइकांशी मराठी बोलत, आणि बाटल्यांवरचे इंग्रजी उलगडून सांगण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे येई. त्याच सुमारास माझ्या मामांनी कर्ज काढून घरातली पहिली मोटार घ्यायचे ठरविले. शोरूमने दिलेल्या अंदाजपत्रकात विमा आणि नोंदणी यांच्याच रांगेत 'पेंट प्रोटेक्शन, रु. २५,०००' अशी एक ओळ होती. "हे सक्तीचं आहे का गं?" असे मामांनी मला विचारले. नोंदणी आणि त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचे आहेत. लेप मुळीच सक्तीचा नाही. पण तो घ्यावा की नाही, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आधी रंग म्हणजे काय ते पाहू.

रंगाचे चार थर

आपल्याला मोटारीचा रंग एकसंध दिसतो. वस्तुतः ते एकावर एक दिलेले चार थर असतात. प्रथम पत्र्याचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवितात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चारही थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचा पारदर्शक थर सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बहुधा पातळच असतो. ऊन, पाऊस, धूळ आणि पाखरांची विष्ठा यांचा सारा मारा हा एवढासा थर सोसतो.

नव्या मोटारीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक गोलाकार ओरखडे दिसतात, ते याच थरावरचे. ते बहुतेक वेळा धुण्यातून पडतात. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकली, की ते कण काचकागदासारखे फिरतात. असे ओरखडे यंत्राने पॉलिश करून घालविता येतात. पण पॉलिश करणे म्हणजे तो पारदर्शक थरच किंचित घासून सपाट करणे होय. ही शिल्लक पुन्हा भरून येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पॉलिश करून घेणे हे मोटारीचे लाड नव्हेत, मुदलातून खर्च करणे आहे.

लेपांचे प्रकार

पहिला प्रकार मेणाचा. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. त्याने चकाकी उत्तम येते, खर्चही थोडा. मात्र ते काही आठवडे, फार तर काही महिने टिकते.

दुसरा प्रकार 'टेफ्लॉन कोटिंग' या नावाने विकला जातो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हा पदार्थ, रॉय प्लंकेट या शास्त्रज्ञाला १९३८ साली अमेरिकेत अकस्मात सापडला. तो ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि तव्यावर पक्का बसविण्यासाठी त्याहूनही अधिक तापवावा लागतो. मोटारीचा रंग एवढी आच सोसणार नाही. त्यामुळे बाटलीतील द्रव फडक्याने चोळून तव्यासारखा टेफ्लॉनचा थर मोटारीवर बसेल, ही कल्पना सोडून द्यावी. या नावाखाली जे मिळते ते बहुधा चांगल्यापैकी कृत्रिम मेण किंवा पॉलिश असते. त्याचा उपयोग नाही असे नाही. पण ते मेणाच्या भावाने घ्यावे.

तिसरा प्रकार सिरॅमिक कोटिंगचा. यात सिलिकॉनची संयुगे असतात. ती हवेतील दमटपणाशी संयोग पावून काचेसारखा कडक, सुमारे एक मायक्रॉन किंवा थोड्या अधिक जाडीचा थर तयार करतात. त्यावरून पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळते, चिखल लवकर सुटतो, आणि विष्ठेचा डाग पडण्यापूर्वी पुसायला थोडा अवधी मिळतो. हे गुण खरे आहेत. नीट निगा राखल्यास चांगला लेप दोन-तीन वर्षे टिकतो.

याच्या जाहिरातीत 'नाइन एच' हा शब्द हमखास असतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हिऱ्याची कठीणता १०, तर ही ९! हा निव्वळ गैरसमज आहे. हिऱ्याला १० गुण देणारी मोजपट्टी फ्रेडरिक मोह्स यांची. ती खनिजांसाठी आहे. 'नाइन एच' हे पेन्सिलीच्या शिशाचे माप आहे. ठरावीक भार देऊन निरनिराळ्या पेन्सिली रंगावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. 'नाइन एच' ही त्यांतील सर्वांत कठीण पेन्सिल. मोह्सच्या पट्टीवर क्वार्ट्झ ७ आहे. आपल्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत साच्यांसाठी जी वाळू वापरतात, तीही मुख्यतः क्वार्ट्झच. अशा कणांपुढे एक मायक्रॉनचा लेप अभेद्य राहील, असे मानण्यास आधार नाही.

चौथा प्रकार म्हणजे पीपीएफ, पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ही साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. म्हणजे मोटारीच्या सगळ्या रंगाहूनही जाड! पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा खऱ्या अर्थाने हीच अडविते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. अर्थात किंमतही सर्वांत जास्त. म्हणून काहीजण फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यावरच ती लावून घेतात. महामार्गावर रोज जा-ये करणाऱ्याला हा मार्ग पटण्याजोगा आहे.

पैसे कशाचे?

केंद्रात हिशेब लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. एका मोटारीला सिरॅमिकचे काम दोन दिवस चाले. पैकी प्रत्यक्ष लेप देण्यास जेमतेम काही तास लागत. उरलेला सारा वेळ धुणे, रंगात रुतलेले कण विशिष्ट चिकणमातीसारख्या गोळ्याने ओढून काढणे, पॉलिश करणे आणि तेलकटपणा अल्कोहोलने पुसणे यात जाई. लेपाची बाटली लहानशी, औषधाच्या बाटलीएवढी. म्हणजे गिऱ्हाईक बाटलीचे नाव विचारून पैसे देते. खरे मोल मात्र कारागिराच्या हातांचे असते. तयारी नीट झाली नसेल, तर ओरखडे लेपाखाली जसेच्या तसे राहतात. त्यामुळे 'कोणती कंपनी?' याबरोबरच 'पूर्वतयारीत काय काय करता?' हे विचारणे अगत्याचे आहे. ज्या ठिकाणी तासाभरात 'कोटिंग' उरकते, तेथे काय झाले असेल याचा वाचकांनीच अंदाज करावा.

खातेवहीची दृष्टी

आता मामांच्या २५,००० रुपयांकडे वळू. ही रक्कम मोटारीच्या कर्जातच मिळविण्याची सोय शोरूमने दाखविली होती. दरसाल ९ टक्के व्याज आणि ६० मासिक हप्ते धरले, तर या रकमेचा हप्ता सुमारे ५१९ रुपये येतो. पाच वर्षांत एकूण ३१,१४० रुपये भरावे लागतात. म्हणजे ६,१४० रुपये व्याजाचे. लेप दोन वर्षांत गेला असे समजा. पुढचे ३६ हप्ते, म्हणजे १८,६८४ रुपये, अस्तित्वात नसलेल्या लेपासाठी भरायचे! ज्या खर्चाचा लाभ ज्या काळात मिळतो, त्याच काळात तो खर्च दाखवावा, हे तत्त्व आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. वर्गात ते रुक्ष वाटते. घरातल्या कर्जाला लावून पाहिले की त्याचा अर्थ कळतो.

मामांनी शोरूममध्ये विचारले, की हा लेप नेमका कोणता, किती दिवसांचा, आणि हमीपत्र कोणाच्या सहीचे? लेखी उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी ती ओळ कापायला लावली. हप्ता तेवढा कमी झाला.

अज्ञानाचा बाजार आणि कायदा

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विक्रेत्याला मालाची खरी माहिती असते, ग्राहकाला नसते. अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असा त्याचा आशय. २००१ साली त्यांना या विषयातील कार्यासाठी दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. लेपाच्या धंद्यालाही हे लागू पडते. मन लावून दोन दिवस राबणारा कारागीर आणि तासात चकाकी आणणारा, दोघांच्या मोटारी पहिल्या दिवशी सारख्याच चमकतात. फरक कळतो तो पावसाळा गेल्यावर. यात नुकसान केवळ ग्राहकाचे नाही; प्रामाणिक कारागिराचेही आहे.

'ग्राहका, सावध राहा' हे १९३० च्या माल विक्री कायद्यातील तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. पण आज कायदा तेथेच थांबत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे पुरेशा व योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या टिकाऊपणाची हमी देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि चाचणी झाली होती, असा बचाव करणाऱ्यानेच ती सिद्ध करावी लागते. पावती न देणे हेही याच कलमात येते. मात्र या हक्कांचा उपयोग करायचा, तर हाती कागद हवा. तोंडी 'पाच वर्षे गॅरंटी' न्यायासनापुढे फारशी टिकत नाही.

तात्पर्य

लेप घ्यायचाच असेल तर तो शिलकीतून घ्यावा, कर्जातून नव्हे. मालाचे नाव, पूर्वतयारी, मुदत आणि हमीच्या अटी कागदावर घ्याव्यात. ज्याची मोटार दिवसभर उन्हात किंवा कॅम्पातील झाडांखाली उभी असते आणि ज्याला धुण्यास वेळ नाही, त्याला सिरॅमिकचा उपयोग आहे. इतरांनी दोन बादल्या (एक साबणाची, एक फडके खळबळण्याची), मोटारीचा सौम्य शांपू आणि मऊ मायक्रोफायबरचे फडके एवढे जरी बाळगले, तरी रंगाची पुष्कळशी राखण होते. मोटार सावलीत धुवावी आणि लगेच पुसावी. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांचे डाग उरतात.

'धूळ' या शब्दाला कन्नडमध्ये 'धूळु' म्हणतात. शब्द दोघांचा जवळजवळ एकच, आणि बेळगावच्या रस्त्यावरची तांबडी धूळ तर दोघांची अगदी एकच. हिशेबाला मात्र ते 'लेक्क' म्हणतात. मोटार कोणाचीही असो, धूळ बसणारच. लेक्क आधी करून ठेवलेले बरे.