तळ्याचा खटला

मुंबई-पुणे लोहमार्गावर देहूरोड नावाचे स्थानक आहे. संत तुकाराममहाराजांचे देहू गाव तेथून जवळच आहे आणि स्थानकाभोवती लष्कराची छावणी वसलेली आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी या ठिकाणी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली. ही मूर्ती ब्रह्मदेशातून आणलेली होती. याच तारखेला, सत्तावीस वर्षांपूर्वी, बाबासाहेब कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे हजारो लोकांसमोर उभे होते. त्या दिवशीचा प्रश्न ओंजळभर पाण्याचा होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे शाळेत त्यांना वर्गाच्या एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. दुसऱ्या कोणी वरून ओतले तरच पाणी मिळे. अशा स्थितीतही त्यांनी विद्येची कास सोडली नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने ते अमेरिकेत शिकले. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा एक ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा राखलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने तदनुसार चवदार तळे सर्वांस खुले केले. पण ते केवळ कागदावर. त्या तळ्यावर इतर धर्मांचे लोक पाणी भरीत, गुरेढोरेही पाणी पीत. मज्जाव होता तो अस्पृश्यांना!

२० मार्च १९२७ रोजी परिषदेसाठी जमलेल्या लोकांसह बाबासाहेब तळ्यावर गेले. काठावरून खाली उतरून त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागोमाग इतरांनीही घेतले. काही वेळाने गावात अफवा पसरली आणि लाठ्या घेतलेला जमाव परतणाऱ्या लोकांवर तुटून पडला. कित्येक जण जखमी झाले. बाबासाहेबांनी मात्र आपल्या लोकांना हात उगारू दिला नाही. पुढे ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठरावही रद्द केला.

तेव्हा २५ डिसेंबर रोजी महाड येथे सत्याग्रह करावयाचे ठरले. परंतु १२ डिसेंबर रोजी विरुद्ध पक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी पुरातन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने दोनच दिवसांनी तात्पुरता मनाईहुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत अमुक गोष्ट करू नये, अशा न्यायालयाच्या आज्ञेला मनाईहुकूम म्हणतात.

बाबासाहेबांपुढे मोठा पेच पडला. दूरदूरच्या खेड्यांतून लोक आले होते. तुरुंगात जाण्याची तयारी असलेल्यांनी आपली नावे नोंदविली होती. लोकांच्या मनात मार्चमधील जखमा ताज्या होत्या. एका शब्दाने सारा समुदाय तळ्यात उतरला असता. परंतु लढा तळे अडविणाऱ्यांशी होता. हुकूम मोडला असता तर तो सरकारशी जडला असता. शिवाय ज्या न्यायालयाकडे आपण न्याय मागणार, त्याची आज्ञा आपणच मोडावी काय? बराच विचारविनिमय झाल्यावर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवण्याचा सल्ला दिला. लोकांना तो कडू वाटला. तरीही त्यांनी तो मानला. भली मोठी मिरवणूक तळ्याच्या काठाने शिस्तीने फिरली. पाणी समोर होते, पण एकाही माणसाने ते घेतले नाही.

आता लढा न्यायालयात सुरू झाला. या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. १९२८ च्या फेब्रुवारीत मनाईहुकूम उठला; पण मूळ दावा दीर्घकाळ रेंगाळला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. विरुद्ध पक्षाने ठाण्याच्या न्यायालयात अपील केले. तेथे १९३३ साली तोच निकाल कायम झाला. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेले. रूढीला कायद्याचे बळ मिळण्यासाठी ती अनादी काळापासून चालत आली आहे, हे सिद्ध व्हावे लागते. वादींना ते सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. ओंजळभर पाण्याचा हक्क न्यायालयात शाबीत होण्यास दहा वर्षे लागली!

तथापि एका तळ्याचा निकाल लागल्याने गावोगावच्या विहिरी खुल्या होत नाहीत, हे बाबासाहेब जाणून होते. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर ते भारताचे पहिले कायदामंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरास आडकाठी करता येणार नाही, असे पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. 'तलाव' हा शब्द देशाच्या सर्वोच्च कायद्यात अक्षररूपाने आला. महाडच्या काठावर जे लोक तहानलेले परतले होते, त्यांच्या संयमाचे हे फळ होते.

देहूरोडच्या समारंभानंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे असंख्य लोक त्या मूर्तीच्या दर्शनास जमतात. त्याच दिवशी महाडच्या तळ्यालाही त्यांचे स्मरण होत असेल.

अभ्यास

१. महाडच्या नगरपालिकेचा ठराव 'केवळ कागदावर' राहिला, असे का म्हटले आहे?
२. मनाईहुकूम म्हणजे काय? तो मोडू नये, असे बाबासाहेबांना का वाटले?
३. रूढीला कायद्याचे बळ केव्हा मिळते? या खटल्यात वादींचा पक्ष कोठे लंगडा पडला?
४. पुढील शब्द वाक्यांत योजा : मज्जाव, तहकूब, शाबीत, आडकाठी.
५. तुमच्या गावातील सार्वजनिक पाणवठ्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.