कॅमेरा स्वस्त झाला, सिनेमा नाही

फोनवर सिनेमा होतो, मग खर्च कसला, असं वाटणाऱ्यांनी ‘टँजरीन’चा हिशेब पाहावा. शॉन बेकरने 2015 साली आलेला हा चित्रपट आयफोन 5एसवर चित्रित केला. तरी त्याचं बजेट सुमारे 1 लाख डॉलर होतं. वाचलं ते कॅमेऱ्याचं भाडं. माणसं, आवाज, प्रवास, संकलन यांचे पैसे मोजावेच लागले.

पहिली शॉर्टफिल्म करणाऱ्याने कॅमेरा विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ते फिटेपर्यंत मॉडेल जुनं होतं. भाड्याने घ्या, पण कोटेशन नीट वाचा. 10 हजारांच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 1,800 रुपये वाढतात. शिवाय सोबत येणाऱ्या अटेंडंटचा भत्ता, टेम्पोचं भाडं, अनामत रक्कम आणि शिफ्ट लांबली तर जादा पैसे. सामान ताब्यात घेतानाच लेन्सवरच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.

जेवणाचा आकडा हमखास कमी धरला जातो. 15 जणांचं युनिट, 3 दिवस, चहा-नाश्ता धरून माणशी रोज 300 रुपये म्हटले तरी 13,500 होतात. मित्र फुकट काम करतील. उपाशीपोटी नाही करणार.

काटकसर करायचीच तर लोकेशनमध्ये करा, आवाजात करू नका. साउंड रेकॉर्डिस्टचे पैसे वाचवले की पुढे डबिंगसाठी स्टुडिओ, कलाकारांच्या तारखा आणि पुन्हा प्रवास, असा तिप्पट त्रास होतो. लोकेशन मात्र ओळखीचं घर, गावातलं शेत असं चालतं. रायगड, शिवनेरीसारखे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तिथे परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडू नका.

आता पोस्ट-प्रॉडक्शन. बहुतेक शॉर्टफिल्म अडकतात त्या इथेच, कारण सगळे पैसे शूटिंगमध्ये संपलेले असतात. माझा सल्ला, एकूण रकमेचा किमान एक तृतीयांश हिस्सा आधीच बाजूला काढा. 100 एमबीपीएसने चित्रीकरण केलं तर तासाला साधारण 45 जीबी लागतात. म्हणजे 8 तासांच्या फुटेजला 360 जीबी, आणि प्रत निदान दोन डिस्कवर हवी. सॉफ्टवेअरची चिंता नको. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पहिल्या फिल्मला पुरते आणि थिएटरसाठीची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत सॉफ्टवेअरवर करता येते. खर्च असतो तो संकलक आणि साउंड मिक्सिंग करणाऱ्याच्या मानधनाचा.

संगीताबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. तुकारामांचा अभंग कुणीही वापरू शकतो, पण एखाद्या गायकाने ध्वनिमुद्रित केलेला तो अभंग नाही. चालीचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि लेखी संमती ठेवा.

थिएटरात तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबवर टाकायला लागत नाही. मात्र टाकण्याआधी महोत्सवांच्या अटी वाचा, कारण काही ठिकाणी आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. प्रवेशशुल्क बहुधा डॉलरमध्ये असतं आणि फिल्म लवकर पाठवली तर कमी लागतं. दर महिन्याला पुरस्कार वाटणारे आणि ट्रॉफीचे पैसे वेगळे मागणारे ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सव सरळ टाळा.

मिळकतीचं म्हणाल, तर यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचं प्रेक्षण लागतं. वर्षाकाठी एक शॉर्टफिल्म टाकून ते सहसा होत नाही. घर चालतं ते लग्नाच्या फिल्म, कंपन्यांचे माहितीपट, संस्थांची कामं आणि निवडणुकीच्या हंगामातल्या रील्सवर. यात कमीपणा मानू नका. कंपनीने टीडीएस कापला असेल आणि तुमचा कर त्याहून कमी निघत असेल, तर विवरणपत्र भरून फरक परत मागा. काम ओळखीचं असलं तरी अर्धी रक्कम शूटिंगआधी घ्या आणि वॉटरमार्क नसलेली अंतिम फाइल उरलेले पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्या.