परतीची तयारी : आधी अमानती, मग सामान

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतील कित्येक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर विखुरली. परमुलखात संसार थाटले, मुले तेथेच वाढली. आता कायमचे गावी परतायचे ठरले की घरात पेट्या-बोचकी बांधण्याची लगबग सुरू होते. अशा वेळी मोमिनाने पहिली तयारी कोणती करावी?

याचे उत्तर हिजरतमध्ये आहे. इ. स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडली, तेव्हा शहरातील लोकांच्या अमानती त्यांच्याजवळ होत्या. शहर जिवावर उठले असतानाही त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले.

अमानती हक्कदारांना पोहोचविण्याचा आदेश सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. गलाईवाल्याच्या हाती परक्याचे सोने असते. परंतु वाण्याची उधारी, मोलकरणीचा राहिलेला पगार, शेजारणीचे पातेले हेही दुसऱ्याचे हक्कच होत. पती-पत्नीने एकत्र बसून त्यांची यादी करावी. आपले येणे असून ऋणको अडचणीत असेल, तर सूरह बकरा (आयत २८०) त्याला सवलत देण्यास सांगते. माफ करणे त्याहून उत्तम.

गावचा हिशेबही विसरू नये. वडिलोपार्जित घरात राहावयास जाताना बहिणींचा वारसाहक्क दिला गेला आहे काय, हे स्वतःला विचारावे. तो वाटा अल्लाहने ठरविला आहे. भावाची ती मेहरबानी नव्हे.

अल्लाह आपणा सर्वांना हक्क फेडून घरी परतण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.