विद्युत्-गिटारसाठीं नवा हंबकर

विद्युत्-गिटारच्या तारांचें कंपन विजेच्या लहरींत उतरविणारें साधन म्हणजे पिकअप होय. १९५५ सालीं अमेरिकेंतील गिब्सन कंपनींत सेथ लव्हर ह्यांनीं 'हंबकर' रचला. त्याच्या दोन वेटोळ्यांत चुंबकध्रुव व वेढ्यांची दिशा परस्परविरुद्ध असल्यामुळें बाहेरील विजेची घरघर लोपते. तारांचा नाद मात्र एकवटतो.

निवड करतांना प्रथम जागा पाहावी. घोडीजवळ तारेचें कंपन अल्प असतें, म्हणून तेथें अधिक वेढ्यांचा हंबकर योग्य. मग चुंबक: अल्निको २ बहुधा मृदु, अल्निको ५ ठसठशीत, सिरॅमिक प्रखर. केवळ रोधाच्या आंकड्यास भुलूं नये. बारीक तारेनेंहि तो वाढतो.

परंतु पालकांचा पैसा खर्चण्यापूर्वीं जुन्याच पिकअपची उंची स्क्रूनें कमीजास्त करून ऐकावें. पुष्कळदां उणीव तेथेंच भरून निघते.